बिड स्वीकारण्याआधी: अमेरिकी फ्रॅटर्निटीची भरती समजून घेताना

अमेरिकेत स्थायिक झालेल्या बहुतेक मराठी आईवडिलांचा तिथल्या विद्यापीठांशी संबंध आला तो एम.एस. किंवा पीएच.डी. करताना, आणि त्यामुळे पदवीच्या विद्यार्थ्यांच्या जगातली एक मोठी गोष्ट त्यांनी दुरूनच पाहिली. ग्रीक अक्षरे मिरवणारी घरे त्यांनी येताजाता पाहिली असतील, पण त्या घरांत प्रवेश कसा मिळतो, कोण देतो आणि आत गेल्यावर पहिले दोन महिने काय चालते, हे जाणून घेण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. आता न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये किंवा कॅलिफोर्नियात वाढलेली त्यांची मुले पदवीच्या पहिल्या वर्षाला जातात, काही मुले पुण्या-मुंबईतून बारावीनंतर थेट तिकडे जातात, आणि वर्ग सुरू होऊन पंधरवडाही उलटलेला नसताना घरी फोन येतो की मी रश करतोय, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या भरतीत उतरतोय. अशा मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही भरतीची प्रक्रिया इथे नीट उलगडून सांगायची आहे.

फ्रॅटर्निटी म्हणजे पदवीच्या मुलग्यांची अशी संघटना, जिचे सदस्य नवे सदस्य स्वतः निवडतात. मुलींच्या तशाच संघटनेला सोरोरिटी म्हणतात. सर्वांत जुनी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती फाय बीटा कॅपा १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी महाविद्यालयात सुरू झाली आणि पुढे ती गुणवंत विद्यार्थ्यांची मानाची संस्था बनली. एकत्र राहणाऱ्या, गुप्त विधी आणि आयुष्यभराचे सदस्यत्व मानणाऱ्या आजच्या फ्रॅटर्निटींचा उगम मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात, १८२५ ते १८२७ या काळात स्थापन झालेल्या तीन संघटनांत शोधला जातो. इतिहासातली एक बाब मात्र विसरू नये: विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक राष्ट्रीय फ्रॅटर्निटींच्या घटनांमध्ये वंश आणि धर्म पाहून प्रवेश नाकारण्याची लेखी कलमे होती, आणि ज्यांना त्या दारातून परत पाठवले गेले त्यांनी आपापल्या संघटना उभ्या केल्या. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ मध्ये स्थापन झालेली अल्फा फाय अल्फा ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची फ्रॅटर्निटी त्यांपैकीच एक असून मार्टिन ल्यूथर किंग तिचे सदस्य होते.

या पार्श्वभूमीमुळेच आज एका विद्यापीठात एकच भरती नसते, तर तीन-चार वेगवेगळ्या भरत्या चालतात. जुन्या, मोठी घरे असलेल्या फ्रॅटर्निटींची शिखर परिषद आयएफसी या नावाने ओळखली जाते आणि चित्रपटांतून दिसते ती साधारणपणे तिचीच भरती असते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या नऊ फ्रॅटर्निटी-सोरोरिटींची परिषद १९३० मध्ये हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाली. तिथे गाजावाजा न करता माहितीसभा, अर्ज आणि मुलाखत अशा मार्गाने प्रवेश मिळतो. बहुसांस्कृतिक परिषदेत दक्षिण आशियाई मुलांनी उभारलेल्या संघटना येतात: बिंगहॅम्टनला १९९४ मध्ये सुरू झालेली आयोटा नू डेल्टा, ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठातली १९९८ची डेल्टा एप्सिलॉन साय, लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधली १९९९ची बीटा काय थीटा. मराठी घरांतली बरीच मुले याच संघटनांकडे वळतात, कारण तिथे दिवाळी साजरी होते आणि डब्यातल्या पोह्यांचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. ओळखीच्या वातावरणाचे हे आकर्षण अगदी खरे आहे. मात्र आपली मुले आहेत म्हणजे सगळे ठीकच असेल, असे पालकांनी गृहीत धरू नये, आणि त्याचे कारण पुढे येईल.

भरतीच्या वेळापत्रकाबाबत विद्यापीठांत एकमत नाही. मोठ्या राज्य विद्यापीठांत ती बहुधा ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात, म्हणजे पहिल्या सत्राच्या तोंडावरच होते. काही विद्यापीठे पहिल्या सत्राचे गुण हातात आल्याशिवाय भरतीत उतरू देत नाहीत, आणि प्रिन्स्टनने तर २०१२ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यात भाग घेण्यास मनाईच केली. जिथे निवड करण्याची मोकळीक आहे तिथे एक सत्र थांबणे हा माझ्या मते शहाणपणाचा मार्ग आहे. तोवर वसतिगृहातले मित्र झालेले असतात, अभ्यासाचा भार किती आहे हे कळलेले असते, आणि कोणत्या घराचे नाव आवारात कशासाठी घेतले जाते हेही कानावर आलेले असते. थांबल्याने संधी जाते ही भीती बहुतेक ठिकाणी निराधार आहे, कारण अनेक चॅप्टर, म्हणजे फ्रॅटर्निटींच्या त्या त्या विद्यापीठातल्या शाखा, दोन्ही सत्रांत नवे सदस्य घेतात.

आता प्रत्यक्ष रशकडे वळू. आयएफसीच्या भरतीत विद्यार्थी आधी परिषदेकडे नाव नोंदवतो, थोडे शुल्क भरतो आणि पूर्णवेळ विद्यार्थी असल्याची व किमान गुणांची अट पूर्ण करतो. पहिल्या सत्रात शाळेचे गुण धरले जातात. पहिल्या काही संध्याकाळी सर्व घरे सर्वांसाठी खुली असतात. छातीवर नावाची चिठ्ठी लावलेला मुलगा दारातून आत आला की एक सदस्य हात मिळवून त्याला सोफ्याकडे नेतो, गाव कोणते, विषय कोणता, वसतिगृह कोणते असे विचारतो. चार-पाच मिनिटांनी दुसरा सदस्य गप्पांत सामील होतो आणि पहिला हळूच दुसऱ्या पाहुण्याकडे सरकतो. तासाभरात असे सहा-सात जण भेटून जातात. मुलाला वाटते की आपण सहज गप्पा मारल्या, पण ती सारी बोलणी मोजली जात असतात. पाहुणे गेल्यानंतर दार बंद होते, भिंतीवर एकेकाचे छायाचित्र दाखवले जाते, जो जो त्याच्याशी बोलला तो मत देतो, आणि मग मतदान होते. पूर्वी या मतदानासाठी पांढऱ्या आणि काळ्या गोट्या वापरत. आज साधने बदलली असली तरी मोजक्या विरोधी मतांवर एखाद्याचे नाव गळण्याची पद्धत अनेक चॅप्टरमध्ये टिकून आहे.

ही बंद दाराआडची बैठक लक्षात घेतली की एक गोष्ट स्पष्ट होते. बहुतेक मुले नापसंत झाल्यामुळे नव्हे, तर कोणाच्याच लक्षात न राहिल्यामुळे गळतात. छायाचित्र समोर आल्यावर 'हा कोण?' असा प्रश्न पडला आणि कोणी काही बोलले नाही, तर पुढचे छायाचित्र लागते. म्हणून सहा घरांत प्रत्येकी दहा मिनिटे घालवण्यापेक्षा दोन-तीन घरांत परत परत जाणे, आणि तिथे एकाच माणसाशी दोनदा मोकळेपणाने बोलणे अधिक उपयोगाचे ठरते. अबोल मुलाने बडबड्याचे सोंग आणण्याची मुळीच गरज नाही, कारण सोंग आणून मिळवलेल्या घरात मग चार वर्षे तेच सोंग वठवावे लागते. मी दारू पीत नाही, मी शाकाहारी आहे, शनिवारी माझी तबल्याची शिकवणी असते, हे पहिल्याच भेटीत सरळ सांगावे. त्यावर समोरचा 'बरं, आमच्यातले काही जणही पीत नाहीत, चल ओळख करून देतो' म्हणतो, की 'बघू किती दिवस टिकतोस' म्हणून हसतो, यातून त्या घराची जितकी माहिती मिळते तितकी कोणत्याही माहितीपत्रकातून मिळणार नाही.

खुल्या संध्याकाळींनंतर निमंत्रितांसाठीचे कार्यक्रम सुरू होतात: जेवण, बोलिंग, एखादा सामना एकत्र पाहणे. नियमानुसार भरतीचे सर्व कार्यक्रम मद्याविना व्हायला हवेत, आणि अमेरिकेत दारू पिण्याचे कायदेशीर वय २१ आहे. म्हणजे अठरा वर्षांच्या पाहुण्याच्या हातात कोणी पेला दिला, तर त्या चॅप्टरने एकाच कृतीत कायदा आणि स्वतःच्या परिषदेचा नियम असे दोन्ही मोडले. अनेक मुले याला आपलेपणाची खूण समजतात. प्रत्यक्षात पाहुण्यासमोर, सर्वांत चांगले वागण्याच्या दिवसांत जे घर नियम पाळत नाही, ते दार बंद झाल्यावर काय करील याचा अंदाज त्या पेल्यावरूनच बांधावा.

सोरोरिटींची भरती याहून खूपच आखीव असते. राष्ट्रीय पॅनहेलेनिक परिषदेतल्या सोरोरिटींच्या भरतीत मुलींना गटागटाने प्रत्येक घरी नेले जाते, फेऱ्यांगणिक घरे कमी होत जातात, शेवटच्या फेरीनंतर मुलगी आपला पसंतीक्रम लिहून देते आणि दोन्ही बाजूंच्या याद्या जुळवून तिला एकच निमंत्रण मिळते. तो पसंतीक्रम लिहिताना ती ज्या करारावर सही करते तो बंधनकारक असतो: मिळालेले निमंत्रण नाकारले तर पुढचे सुमारे वर्षभर त्या विद्यापीठातल्या दुसऱ्या सोरोरिटीत जाता येत नाही. त्यामुळे ज्या घरात जायचेच नाही त्याचे नाव केवळ रकाना भरण्यासाठी लिहू नये.

मुलग्यांच्या बाजूला हे निमंत्रण, म्हणजे बिड, अधिक सैल असते. एकाला दोन-तीन घरांकडून बिड मिळू शकते आणि ते नाकारल्याने सहसा काही बिघडत नाही. उत्तर देण्यासाठी काही दिवसांची मुदत असते आणि ती पूर्ण वापरावी. 'आत्ताच सही कर, बाकीचे वाट पाहत आहेत' असा दबाव आला, तर तो दबाव कोणाच्या सोयीचा आहे याचा विचार करावा. रशमध्ये घर विद्यार्थ्याची निवड करते हे सर्वांना दिसते. विद्यार्थीही घराची निवड करतो आहे हे पहिल्या वर्षाच्या मुलाला कोणी सांगत नाही, आणि निवडले गेल्याच्या आनंदात प्रश्न विचारायचे राहून जातात. हे प्रश्न विचारण्याची खरी वेळ बिड हातात पडल्यानंतर आणि सही करण्याआधी येते, कारण एवढ्या काळापुरते पारडे विद्यार्थ्याच्या बाजूने झुकलेले असते.

सहीनंतर नव-सदस्यत्वाचा काळ सुरू होतो. पूर्वी अशा मुलांना प्लेज म्हणत, आता अधिकृत कागदांत न्यू मेंबर म्हणतात. साधारणपणे सहा ते आठ आठवडे चालणाऱ्या या काळात संघटनेचा इतिहास शिकणे, एकत्र अभ्यास, समाजकार्य आणि ज्येष्ठ सदस्यांशी ओळख असा कार्यक्रम असतो, आणि शेवटी गुप्त विधीने दीक्षा दिली जाते. जिथे हे असेच घडते तिथून मुलांना आयुष्यभराचे मित्र, परगावी हक्काचे घर आणि पुढे नोकरी शोधताना फोन उचलणारे माजी सदस्य मिळतात, आणि हा लाभ छोटा नाही. परंतु हेझिंग होते तेही याच आठवड्यांत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हेझिंग म्हटले की रॅगिंग आठवेल, आणि त्यात तथ्य आहे. आपल्याकडे १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत, आणि वसतिगृहात वरिष्ठांकडून होणारा छळ म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. रॅगिंग नवख्याच्या वाट्याला तो तिथे राहतो एवढ्याच कारणाने येते. हेझिंग सोसणारा मुलगा स्वतःहून दारात आलेला असतो, त्याला आत जायचे असते, आणि प्रत्येक पायरीवर त्याला 'जमेल ना?' असे विचारले जाते. तो हो म्हणतो. रात्रभर जागरण, ज्येष्ठांची खोली साफ करणे, शिवीगाळ ऐकून घेणे, मग बाटली संपवणे, अशी चढती भाजणी असते, आणि आदल्या आठवड्यात जे सोसले ते वाया जाऊ नये म्हणून पुढचेही सोसले जाते. म्हणूनच टेक्सससह अनेक राज्यांच्या कायद्यांत पीडिताची संमती हा आरोपीचा बचाव मानला जात नाही. हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने समजून घ्यावे: त्याने हो म्हटले असले तरी गुन्हा हा गुन्हाच राहतो, आणि पुढच्या वर्षी त्याने स्वतः दुसऱ्याला तसे करायला लावले तर तोही त्याच कायद्याखाली येतो.

मृत्यूंच्या नोंदी तपासल्या तर काही विशिष्ट रात्री पुन्हा पुन्हा समोर येतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात टिमथी पियाझा हा विद्यार्थी बिड स्वीकारल्याच्या रात्री बेसुमार दारू पाजली गेल्यानंतर जिन्यावरून पडला, आणि घरात इतके जण असताना जवळजवळ बारा तास कोणीही मदत बोलावली नाही. पुढच्या वर्षी त्या राज्याने त्याच्या नावाने कडक कायदा केला. दुसरी रात्र बिग-लिटलची, म्हणजे नव्या सदस्याला त्याचा ज्येष्ठ भाऊ नेमून देण्याची. नोव्हेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडा स्टेट, फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हर्जिनिया कॉमनवेल्थ आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ओहायोतले बोलिंग ग्रीन, या तिन्ही विद्यापीठांतले विद्यार्थी अशाच रात्री अतिमद्यपानाने दगावले. नव्या मुलाला मद्याची अख्खी बाटली देण्याची प्रथा त्यामागे होती. ज्या मुलाने बिड स्वीकारले आहे त्याने त्या रात्री काय होते हे आधीच विचारून ठेवावे, आणि पालकांनी ती तारीख माहीत करून घ्यावी.

हे फक्त गोऱ्या मुलांच्या मोठ्या घरांत होते, हा समजही सोडून द्यायला हवा. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजातला एक विद्यार्थी आशियाई-अमेरिकी फ्रॅटर्निटीच्या सहलीत, पोकोनो डोंगरांत, डोळ्यांवर पट्टी बांधून अंगावर धावून जाण्याच्या विधीत जबर जखमी होऊन मरण पावला. ती फ्रॅटर्निटी दोषी ठरली आणि २०१८ मध्ये न्यायालयाने तिला पेनसिल्व्हेनियात दहा वर्षांची बंदी घातली. छोट्या संघटनांत एका वेळी पाच-दहा मुलेच दीक्षा घेतात, त्यांचा गट घट्ट असतो, बाहेरच्या कोणाला काही सांगायचे नाही अशी शपथ असते, आणि कार्यक्रम भाड्याच्या घरांत किंवा दूर गावी होतात. ओळखीच्या चेहऱ्यांपुढे नाही म्हणणे अधिक कठीण जाते. आपलेपणामुळे मुले तिथे जातात आणि त्याच आपलेपणामुळे गप्प राहतात, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

संघटनांनीही काही पावले उचलली आहेत हे नोंदवणे न्याय्य होईल. झीटा बीटा टाऊने १९८९ मध्ये आणि सिग्मा अल्फा एप्सिलॉनने २०१४ मध्ये प्लेज ही पायरीच रद्द केली. राष्ट्रीय पातळीवरच्या आंतरफ्रॅटर्निटी परिषदेने २०१९ पासून चॅप्टरच्या घरांत कडक मद्यावर बंदी घातली. तरीही राष्ट्रीय कार्यालयाचा नियम आणि एका घरातली रात्र यांत बरेच अंतर असते. एकाच नावाची फ्रॅटर्निटी एका विद्यापीठात नेमस्त आणि अभ्यासू असेल, तर दुसऱ्या राज्यात तिच्यावर बंदीही आलेली असेल. म्हणून संघटनेच्या नावापेक्षा त्या एका चॅप्टरची माहिती काढणे महत्त्वाचे आहे.

ती काढणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या संघराज्य कायद्याने विद्यापीठांना हेझिंगच्या घटना वार्षिक सुरक्षा अहवालात मोजणे आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांची माहिती संकेतस्थळावर जाहीर करणे बंधनकारक केले आहे. रशला जाण्याआधी संकेतस्थळावरची ही माहिती उघडून पाहावी. मात्र ही माहिती विद्यापीठाची मान्यता असलेल्या संघटनांची असते, हे विसरू नये. २०२१ मध्ये ड्यूकच्या आणि २०२२ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या काही फ्रॅटर्निटींनी नव्या नियमांवरून विद्यापीठाशी नातेच तोडले आणि आवाराबाहेर स्वतंत्रपणे काम सुरू केले. बंदी आलेली काही घरेही नाव बदलून किंवा जुन्याच नावाने चालू राहतात. चॅप्टर विद्यापीठाच्या चालू यादीत आहे का, हे ग्रीक लाइफ कार्यालयाला, म्हणजे अशा संघटनांचे काम पाहणाऱ्या विद्यापीठाच्या विभागाला, विचारले की लगेच समजते. यादीत नसेल, तर तिथे काही विपरीत घडल्यास विद्यापीठाचा हात तिथवर पोहोचणार नाही, एवढे समजूनच पुढे जावे.

पैशांचा प्रश्न पालक सहसा उशिरा विचारतात. प्रत्येक सत्राची वर्गणी, नव्या सदस्याचे शुल्क, दीक्षेचे शुल्क, राष्ट्रीय कार्यालयाचा हप्ता, विमा, शिवाय कार्यक्रमांचे कपडे, सहली, भेटवस्तू असा हा खर्च असतो. घर नसलेल्या छोट्या संघटनेत तो सत्राला काही शे डॉलरांवर भागतो, तर मोठ्या घराच्या फ्रॅटर्निटीत हजारांत जातो. दुसऱ्या वर्षी घरात राहायलाच हवे अशी अट काही ठिकाणी असते; मग भाडे आणि जेवणाचा करारही आला. सगळी रक्कम लेखी मागावी, आणि मध्येच सोडले तर काय परत मिळते हेही त्याच कागदावर घ्यावे.

भारतातून एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला फ्रॅटर्निटीत जायला कायद्याची आडकाठी नाही, पण एखाद्या चुकीसाठी त्याला मोजावी लागणारी किंमत वेगळी असते. पार्टीहून परतताना दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, तर खटल्याचा निकाल लागण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. बरोबरच्या अमेरिकी मित्राचे काम त्याच प्रकरणात वकील आणि दंडावर निभावेल, याचे नाही.

दीक्षा होण्याआधी कोणत्याही दिवशी बाहेर पडता येते, आणि त्यासाठी कारण देण्याची गरज नसते. चॅप्टरच्या अध्यक्षाला आणि ग्रीक लाइफ कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल पुरतो. दीक्षेनंतर सदस्यत्व आयुष्यभराचे मानले जाते आणि दुसऱ्या तशा फ्रॅटर्निटीत सहसा जाता येत नाही, म्हणून मनात शंका असेल तर निर्णय त्या विधीच्या आधीच घ्यावा. आणि एखाद्या रात्री कोणी शुद्धीवर येत नसेल, तर घराची बदनामी होईल, आपण अडकू, या विचारात वेळ न घालवता ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावावा. अनेक राज्यांचे कायदे मदतीसाठी फोन करणाऱ्याला संरक्षण देतात. फ्लोरिडाने २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीत तर सर्वांत आधी फोन करून रुग्णाजवळ थांबणाऱ्याला हेझिंगच्या खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे. आपल्या राज्यातली तरतूद नेमकी काय आहे, हे विद्यार्थ्याने रशच्या पहिल्या संध्याकाळआधी वाचून ठेवावे.